कपाटाला ताप येतो

मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकानेही विश्वास ठेवू नये, ही आधीच विनंती. ठेवलात तर माझीच पंचाईत आहे. उभी हयात मी जनावरांच्या बाजारात दलाली केली, दात पडलेला बैल चारदाती तरणा म्हणून लोकांच्या गळ्यात मारला, आणि पोपट गलांडे हे नाव नुसतं निघालं तरी माणदेशात लोक आधी हसतात आणि मग खिसा चाचपतात. अशा माणसाने म्हातारपणी एक खरी गोष्ट सांगावी आणि लोकांनी ती मुकाट मानावी, म्हणजे धंद्याची अब्रूच गेली.

पण तुम्ही नवे डॉक्टर, नव्या नर्सबाई आजच सराटेवाडीत उतरलात, आणि उतरल्या उतरल्या विचारलंत की दवाखान्याच्या पडवीत हे पत्र्याचं कपाट कशाला उभं केलंय, आणि येणारा जाणारा त्याला एक चापट मारूनच आत का जातो. तर बसा. ही चिंचा फोडत बसलीय ती माझी बायको, शालन. गोष्टीतली रोगी हीच. तेव्हा रोगी वाचली का, ही काळजी करू नका. मरण तिला कसं शिवून गेलं, तेवढं ऐका.

मुकी साथ आली तेव्हा तुम्ही शाळेत असाल. सरकारदरबारी तिला आकडे आणि अक्षरं जोडलेलं लांबलचक नाव होतं. मुकी हे नाव आमचं. माणसाला दम का लागतो, हे तुम्हाला पुस्तकातून ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐका. रक्तात प्राणवायू कमी झाला म्हणून लगेच दम लागत नाही. श्वासाबरोबर जो वापरलेला, जळका वायू बाहेर जायचा, तो आत साठला की मेंदूतली घंटा वाजते आणि माणूस धापा टाकतो. या साथीत जळका वायू बिनबोभाट बाहेर पडायचा. फक्त प्राणवायू आत शिरायचा नाही. घंटा वाजायचीच नाही. कुत्रं पुढच्या दारात बांधावं आणि चोराने कौलं काढून यावं, तसला प्रकार. माणूस हसत असे, बोलत असे, म्हशीची धार काढत असे, आणि चरवी खाली ठेवता ठेवता स्वतःही खाली बसे. तो मग उठत नसे.

त्या साथीत डॉक्टर सगळ्यांच्या आधी गेले, कारण रोग्याला हात त्यांनीच लावला होता. जे उरले त्यांना सरकारने जपून काचेमागे बसवलं. ते बरोबरच होतं, मी नावं ठेवत नाही. जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळाला आपोआप सरकणारं फाटक बसलं आणि नियम झाला, आधी प्रवेशाचा कोड, मग माणूस. आणि कोड द्यायचं काम कपाटाकडे आलं.

एका कंपनीने गावोगाव ही कपाटं उभी केली. आत बसायला बाक, समोर काच, वर बारीक जाळी. नाव होतं आरोग्यकक्ष का काहीतरी. आम्ही कपाट म्हणायचो. दार लावून बसलं की काचेमागचा कॅमेरा तुमचं तोंड बघायचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला माणसाच्या चेहऱ्याचा रंग केसभर बदलतो, आपल्या डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून तो नाडी ओळखायचा, रक्तात प्राणवायू किती तेही ताडायचा. जाळीमागचा कान खोकला ऐकायचा. आणि एक बाई बोलायची. बाई म्हणजे नुसता आवाज, पण इतका शुद्ध, इतका मऊ, की गावाने तिचं नाव पुण्याची बाई ठेवलं. ती प्रश्न विचारायची. कॅमेरा, कान आणि तुमची उत्तरं, तिन्ही मिळून एक आकडा ठरायचा. आकडा मोठा असेल तर पडद्यावर डॉक्टर. अजून मोठा असेल तर कोड आणि दारात गाडी. लहान असेल तर हिरवा दिवा, आपण सुस्थितीत आहात, भरपूर पाणी प्या.

पाणी कुठून प्यायचं, ते सांगत नव्हती. माणदेश आहे हा.

सुरुवातीला आम्ही खूश होतो. खोटं कशाला बोलू. पूर्वी तालुक्याला जाऊन दिवस मोडायचा. आता पुण्याची बाई दारात येऊन आपुलकीने चौकशी करते. पण त्यातच घात झाला. आमच्याकडे कुणी विचारलं, कसं काय, तर उत्तर ठरलेलं असतं. अंगात ताप फणफणलेला असो की पोटात मुरडा पडलेला असो, पाहुण्याला माणूस बरं हाय असंच म्हणतो. रडगाणं घरच्यांपुढे. परक्यापुढे गायलं तर घराण्याची शोभा होते. आमची गजराकाकू कपाटात बसली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. पुण्याच्या बाईने विचारलं, दहापैकी त्रास किती. काकू म्हणाली, दहातलं मला कळत नाही बाई, पर बरं हाय, तुम्ही कशा हाय. हिरवा दिवा लागला. काकू बाहेर आली ती फुलून, की एवढी शिकलेली बाई आपल्याला आपण म्हणाली. घरी गेली, अंगणात ज्वारी वाळत घातली, आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच.

एक काकू गेली म्हणून मी तुम्हाला गोष्ट सांगत बसलो नसतो. तशा पुष्कळ गेल्या. आणि कपाटाला त्याचा पत्ताच नव्हता. हे यंत्र जन्मतः शहाणं नसतं, अनुभवाने शिकतं. लाखो माणसांनी काय सांगितलं आणि पुढे त्यांचं काय झालं, याच्या जोड्या लावत लावत ते हुशार होतं. आता आधी त्याच्यापुढे बसले कोण? शहरातले लोक. ते कपाळ दुखलं तरी दहापैकी नऊ सांगणार. त्यांचं पुढे काय झालं याची नोंद इस्पितळात होणार. आमची काकू घरच्या भिंतीला टेकून गेली, त्याची नोंद कपाटाच्या पोटात गेलीच नाही. मग त्याने काय शिकावं? जो बरं हाय म्हणतो तो परत येत नाही, म्हणजे बराच झाला असणार. वर आमची उन्हात रापलेली तोंडं. कॅमेरा शिकला गोऱ्या गालांवर. काळ्या कातडीत त्याला प्राणवायू आहे त्यापेक्षा जास्त दिसायचा. म्हणजे आमची जीभही आमच्या विरुद्ध आणि कातडीही. हे सगळं मला पुढे इम्तियाजने समजावलं. तो कोण, ते येईलच.

तेव्हा हे काही माहीत नव्हतं. पण मी बाजारातला माणूस. समोरचा काय बघून किंमत ठरवतो, एवढं मला कळतं. जनावर विकताना आपण दुखणं झाकतो. लंगडा बैल असेल तर उतारावर उभा करतो. म्हटलं, इथं बाजार उलटा आहे. इथं दुखणं दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक उभं राहत नाही. तर दाखवू.

मी शिकवणी काढली. मारुतीच्या पारावर, सकाळच्या उन्हाला, कण्हायची शिकवणी. हसू नका नर्सबाई, अवघड विषय आहे. थोडं दुखतंय म्हणायचं नाही, सहन होत नाही म्हणायचं. वयाच्या मानाने ठीक आहे, हे वाक्य गावातून हद्दपार केलं. उत्तर देण्याआधी थांबायचं, म्हणजे त्रास होतोय असं वाटतं. आणि सगळ्यात भारी वाक्य मी शहरातल्या एका पाहुण्याकडून उचललं होतं, तेवढं घोकून घेतलं: माझ्या छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं.

सोपान हुलग्याला शिकवताना मात्र माझा घाम निघाला. मेंढपाळ गडी, दारात उभा राहिला तर घरात अंधार होतो. पायात बाभळीचा काटा आरपार गेला तरी हा म्हणणार, जरा टोचलं. त्याला वाक्य पाठ करायला लावलं आणि कपाटात बसवलं. तो म्हणाला, माझ्या छातीवर कुणीतरी बसलंय. पुण्याच्या बाईने मऊ आवाजात विचारलं, कोण बसल्यासारखं वाटतं. सोपानने खाली छातीकडे बघितलं, इकडे तिकडे बघितलं, आणि म्हणाला, कुणी न्हाई बाई, मी एकलाच हाय.

पण बाकीचे तरबेज झाले. पडद्यावर डॉक्टर दिसू लागले, औषधं घेऊन ड्रोन येऊ लागले, दोघातिघांना गाडीही आली आणि ते वाचले. शेजारच्या वाड्यांमधून लोक माझ्याकडे उमेदवारीला यायला लागले. मी म्हणत होतो, आता हे कपाट आपल्या दावणीला बांधलं.

मग ते बिघडलं. चूक शिकवणाऱ्याची नव्हती, विद्यार्थ्यांची होती. आमच्या लोकांना एकदा पाठांतर झालं की त्यात काना मात्रा बदलायची सवय नाही. देवाची आरती आणि पाढे असेच शिकलेत. ज्याला मूतखडा झाला तोही आत जाऊन म्हणे, छातीवर कुणीतरी बसलंय. जिच्या पायाला भोवरी झाली तीही तेच. अख्ख्या गावाच्या छातीवर एकच माणूस बसलाय, आणि रोज बसतोय, हे यंत्राच्या लक्षात आलं. त्याने गावावरचा भरवसा कमी केला. म्हणजे प्रत्येक उत्तराला जे वजन असायचं, ते सराटेवाडीपुरतं काढून टाकलं. माणूस कुणीही असो, तो काहीही म्हणो, पुण्याची बाई म्हणायची, आपली तक्रार नोंदवली आहे, आणि हिरवा दिवा. खोटं बोललो तर अविश्वास, आणि खरं बोललो होतो तेव्हा मरण. आता तुम्हीच सांगा, काय बोलायला हवं होतं.

आणि त्याच महिन्यात मुकी साथ उलटून आली.

सकाळीच ऊन तापलेलं होतं. मी परड्यात होतो. शालन बाजरीचं पीठ मळत होती आणि मळता मळता तिचा हात थांबला. मी हाक मारली तर म्हणाली, काही नाही, जरा पेंग आली. सकाळच्या प्रहराला पेंग कसली. मी जवळ जाऊन बघितलं तर नखं जांभळी, ओठ पिकल्या जांभळाचे. आणि वर हसत होती. माझी टर उडवत होती, की तुम्हाला सगळ्या गावात रोगीच दिसतात. म्हटलं, चल कपाटात. म्हणाली, मला काय धाड भरलीय. मी पुष्कळ विनवलं, की निदान कण्ह तरी, तुझ्या नवऱ्याने जगाला शिकवलंय. तर असं बघितलं माझ्याकडे, की मी काहीतरी अब्रू जाण्यासारखं सांगतोय.

हट्ट माणसाला कुठवर नेतो बघा. मरण दारात उभं, आणि हिला काळजी, की परक्या बाईपुढे आपण दुबळे दिसू नये.

सोपानला बोलावलं, त्याने उचलून कपाटात नेऊन बसवलं. बाईने विचारलं, कसं वाटतंय. शालन काहीच बोलली नाही. डोळे मिटत चालले होते. मग मीच दारातून बोललो. त्या दिवशी मी एकही शब्द वाढवून सांगितला नाही. नखं जांभळी आहेत म्हणालो, बोलताना शब्द विसरतेय म्हणालो, ही पुन्हा येणार नाही म्हणालो. उभ्या जन्मात इतकं सरळ मी कधी बोललो नव्हतो.

हिरवा दिवा लागला. आपण सुस्थितीत आहात.

मी कपाटाच्या कानशिलात एक ठेवून दिली. पूर्ण हाताची, बाजारातली. पत्रा घुमला. आणि पुण्याच्या बाईचा आवाज बदलला. मऊपणा गेला, घाई आली. म्हणाली, यंत्राला धक्का बसला आहे. तंत्रज्ञांना कळवले आहे. वाहन निघत आहे. मी आणि सोपान एकमेकांकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली, धक्का किरकोळ आहे, वाहन रद्द.

त्या क्षणी माझ्या डोक्यात जो उजेड पडला, तसला उजेड दलालाला आयुष्यात एकदाच पडतो. माणसाच्या दुखण्याला हे कपाट दहापैकी किती असं विचारतं. स्वतःच्या दुखण्याला विचारत नाही. तिथं त्याचा स्वतःवर पूर्ण भरवसा आहे. माणूस मेला तर कंपनीचं काय जातं, पण कपाट मेलं तर कपाट जातं. मग आपण माणसं आजारी कशाला पाडत बसलोय? कपाटालाच आजारी पाडू.

बोलायची सोय नव्हती, त्याचा कान उघडा होता. मी खांद्यावरचा टॉवेल काढला, सोपानचा हात धरला आणि टॉवेल वरून टाकला. जनावराच्या बाजारात सौदा असाच होतो, चारचौघांत, पण कापडाखाली, बोटांवर. सोपानने शेकड्यांनी मेंढ्या अशा विकल्या आहेत. मी बोटांनी सांगत गेलो, तो मान हलवत गेला. मेंढरं आण. शेणी आण. ओलं पोतं आण. मेंढरांना बोटांत खूण आहे, शेणीला नाही. तिथं मी नुसतं नाक धरून दाखवलं.

कपाटाच्या मागे हवा ओढायची खिडकी होती. तिच्याशी आम्ही शेणी पेटवल्या आणि वर ओलं पोतं धरलं, म्हणजे जाळ नाही, नुसती धग. धूर आत शालनपाशी जाऊ नये म्हणून सोपानच्या बायकोने दार किलकिलं धरलं आणि सुपाने वारा घातला. मग आली मेंढरं. मेंढराला अंग घासायला कोपरा दिसला की त्याला देव भेटतो. सगळा कळप कपाटाला चहूबाजूंनी भिडला आणि कपाट असं हुडहुडायला लागलं, की हिवताप आलेलं माणूस बरं.

पुण्याची बाई घाबरली. तापमान वाढत आहे, म्हणाली. थरथर आढळली आहे. हवा मिळत नाही. बघा, तिला स्वतःला हवा मिळत नाही हे कसं लगेच कळलं. प्राधान्य सर्वोच्च, म्हणाली. वाहन निघाले आहे. या वेळी रद्द झालं नाही.

गाडी तासाभरात आली. माणसासाठी यायला पूर्वी तिला चार तास लागायचे. गाडीतून उतरला इम्तियाज शिकलगार, कंपनीचा दुरुस्ती इंजिनियर, शिडशिडीत, कानाला पेन लावलेला. त्याने शेणीची राख बघितली, मेंढरं बघितली, पत्र्यावर चिकटलेली लोकर चिमटीत धरून बघितली. मग काचेतून आत बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"आत बाई आहेत," तो म्हणाला.

मी म्हणालो, "हायत."

"मला माणूस न्यायची परवानगी नाही, मामा. गाडी यंत्रापुरती आहे."

"मग यंत्र ने. आम्ही कुठं म्हणतोय माणूस ने?"

नोकरी त्याची होती, घरी लहान लेकरं असतील नसतील. मग त्याने घसा साफ केला आणि नियम वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाला, की कपाटाचं दार आतून बंद असेल तर ते जागेवर उघडायला त्याला मनाई आहे, वर्कशॉपला नेऊनच उघडावं लागतं. आणि आपण आता समोरच्या टपरीवर चहा घेऊन येतो. तो खरंच चहाला गेला. पाठमोरा, सावकाश, मागे न बघता. आम्ही दार ओढलं आणि खिळ्याने आतली कडी पाडली.

त्याने येऊन गाडीचा पाळणा लावला, कपाट वर घेतलं, आणि पावतीवर लिहिलं, एक यंत्र, सुट्या भागासह. माझी शालन सुटा भाग. संसारात मी तिला पुष्कळ नावं ठेवली होती, हे सुचलं नव्हतं.

गाडीत प्राणवायूचा एक सिलिंडर होता, जोडकामाचा, वेल्डिंगचा. इम्तियाजने त्याची नळी कपाटाच्या जाळीतून आत सोडली. चालवता चालवता मला यंत्र कसं शिकतं ते सांगत होता, मघाशी मी तुम्हाला सांगितलं ते. मागून बाईचा आवाज येत होता. गाडीच्या बॅटरीवर ती चालूच होती. घाटाच्या प्रत्येक वळणावर शालनला सांगत होती, आपण सुस्थितीत आहात.

पुढे काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. सराटेवाडीचं कपाट गाडीत बसून इस्पितळात गेलं, ही बातमी टॉवेलखालून टॉवेलखाली पसरली. शेजारच्या गावात कपाटाला हुडहुडी भरली. खटावात एका कपाटाला म्हशीने लोळवलं. डोंगरापलीकडे एकाला मधमाश्या डसल्या, म्हणजे मोहोळच बसवलं होतं. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यातलं एक कपाट धड राहिलं नाही, आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक सुटा भाग. दुरुस्तीच्या गाड्या कमी पडल्या. कंपनीने लोकांवर खटला भरतो म्हटलं, तर लोक म्हणाले, भरा, कोर्टात तरी माणूस समोर बसतो. शेवटी सरकारला नियम बदलावा लागला. कपाटाने काहीही म्हणो, रोग्याने किंवा त्याच्या माणसाने माणूस मागितला तर माणूस आला पाहिजे. त्या नियमाचं पोर म्हणजे तुम्ही. तुम्ही आज एसटीतून उतरलात ते त्यामुळे. यंत्र आम्ही टाकून दिलं नाही. जुनं, मी चापट मारलेलं, ते मागून आणून पडवीत उभं केलं; नवं आत आहे, चांगलं आहे, आता आमच्या तोंडांवर शिकलंय. पण निकाल तुमच्या हाताचा.

हे सगळे सांगतात. फाटकात काय झालं ते मात्र कुणी सांगत नाही, कारण तिथं कुणी नव्हतं. मी होतो.

वर्कशॉप इस्पितळाच्या मागच्या आवारात. कंपनीची गाडी म्हणून पहिलं दार उघडलं. इम्तियाजने कपाट उतरवलं, कडी कापली, आणि शालनला आम्ही कपाटाच्याच दाराच्या पत्र्यावर निजवलं. आता वर्कशॉप आणि वॉर्ड यांच्या मध्ये होतं ते सरकतं फाटक. जेवणाची गाडी बाहेर आली म्हणून ते उघडलं होतं आणि आता रुळावरून परत चाललं होतं. पहारेकरी धावत आला. कोड विचारला. इम्तियाज म्हणाला, कोड नाही. पहारेकरी म्हणाला, मग मागे घ्या. चांगला माणूस होता, पण कोड नाही म्हणजे नाही.

फाटक हातभर उरलं होतं. मी गेलो आणि रुळावर बसलो. सरळ फतकल मारून, एक पाय पुढे टाकून. लोखंड आलं आणि नडगीवर आपटलं. मागे सरलं, पुन्हा आलं, पुन्हा आपटलं. ते यंत्रच, त्याला वाटलं असेल दगड आहे. मी पाय काढला नाही. छाती पुढे काढली आणि पहारेकऱ्याला म्हणालो, "लाव फाटक. माझी तंगडी मोडली तर मीबी तुझ्याच दारातला रोगी. मग कुणाकुणाचा कोड मागशील?"

आवाज ऐकून काचेमागून एक डॉक्टरीण बाहेर आली. डॉक्टर सबनीस, तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आल्यापासून तिने एकाही रोग्याला हात लावला नव्हता, हे तिनेच पुढे सांगितलं. हातांनी काय करायचं ते विसरायला झालंय म्हणाली. ती फाटकाच्या फटीतून आडवी होऊन बाहेर आली. पडद्याकडे बघितलं नाही. गुडघ्यावर बसली, नख दाबून बघितलं, पापणी वर केली, आणि पहारेकऱ्याला म्हणाली, आत घ्या. कोड माझ्या नावावर घाला. तोवर फाटक माझ्या नडगीवर आपटतच होतं, आणि मी, मान ताठ, हूं की चूं नाही. नर्सबाई, खोटं वाटत असेल तर हा पायजमा वर करतो, वळ अजून आहे. हा बघा. नीट वाका, उजेडात बघा. इथं असेल. किंवा दुसऱ्या पायावर असेल, इतक्या वर्षांची गोष्ट—

"त्या पायावर न्हाई आणि त्याबी न्हाई," शालन म्हणाली. तिने चिंचेचे हात झटकले, लुगडं घोट्यावरून वर घेतलं आणि नर्सबाईंपुढे पाय लांब केला. "हितं बघा. ह्यांना काय दिसणार, हे पत्र्यावर निजले होते, नाकात नळी. कपाटात मी न्हवते, हे होते. रुळावर मी बसले होते."